मागचा आरसा

उस्कुदार भागातल्या आपल्या सलूनमध्ये हजामत झाली की नेजदेतकाका गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे छोटा आरसा धरायचे. जुनं गिऱ्हाईक असलेल्या तुंजायच्या मागे मात्र केसांच्या दुसऱ्या रोपणानंतर तो कधीच धरला नव्हता. उद्या तिसरं रोपण होतं. लावलेले केस कपाळावर टिकले, पण त्यांच्यामागचे गळतच होते. “काका, आरसा धरा.” “कशाला उगीच? चहा गार होतोय.” “धरा हो!” “हट्टीपणात बापावर गेलायस, हालूकवर. याच खुर्चीत बसायचा तो,” म्हणत म्हाताऱ्यानं धरला. समोरच्या आरशात पंचविशीतलं कपाळ होतं. मागच्या आरशात, जिथले केस उपटून पुढे लावले होते, तिथे उशीला घासून विरळ झालेलं, शेवटच्या आजारातलं वडिलांचं डोकं होतं. “आणखी निघतील का इथून?” “निघतील की. पुढच्या वेळी कुठून आणशील?” तुंजायनं आरसा बाजूला सारला. “वस्तरा घ्या.” डोकं गुळगुळीत झालं. “ऊठ हालूक, झालं बघ,” काका सवयीनं म्हणाले. तुंजायनं ओ दिली.