राखणीचा कोल्हा

“आजपासून रात्री डबा वाजवायचा नाही,” हरिहरशेठ म्हणाले. “कोल्हा बुजतो.”

महिपतला वाटलं, शेठची जीभ घसरली. कोल्हा बुजावा म्हणूनच तर त्याला ठेवलं होतं. मानपाड्याचा कारखाना मुलाच्या हाती देऊन शेठ मोहन्याच्या पलीकडे, नदीकाठच्या या वाडीत राहायला आले. त्यांनी गावठी कोंबड्या पाळल्या, शेळ्या-करडं आणली. मग जो तो सांगू लागला, की कोल्हा एक पिल्लू ठेवणार नाही. कोल्ह्याला मारायची सोय नाही, कायदा आडवा येतो. रात्रभर जागून, बॅटरी मारून, तेलाचा रिकामा डबा बडवून त्याला पळवून लावणारा माणूस हवा होता. महिपत तेव्हा खोपटला, एसटी डेपोजवळ स्कूटरचं पार्किंग सांभाळायचा. जो स्कूटर राखतो तो कोंबड्याही राखेल, असं शेठना वाटलं. महिपतने कोल्हा फक्त मोबाईलवर पाहिला होता, पण हे त्याला कुणी विचारलंच नाही. पगाराबरोबर पत्र्याची एक खोली मिळत होती, आणि बायकोला, मालनला, घेऊन राहायला त्याच्याकडे दुसरी जागा नव्हती.

सुरुवातीचे काही महिने तो इमानाने जागला. कोल्हा काही आला नाही. येणार तरी कुठून? वाडीच्या एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला टॉवरसाठी खणलेला खड्डा. शेवटी एक दिवस शेठ दाढी खाजवत म्हणाले, की खुराड्याला जाळी मारली तर राखणीला माणूस हवाच कशाला? त्याच रात्री वाडीत पहिली कोल्हेकुई झाली.

ती महिपतने केली. वाडीच्या मागच्या झुडपात बसून, दोन्ही हात तोंडाशी धरून, मोबाईलवर ऐकली होती अगदी तशी. मग धावत पुढच्या अंगाला येऊन त्याने डबा बडवला, आणि सकाळी शेठना सांगितलं, की दोघे होते, त्यातला मोठा अंगावर आला. जाळीचा विषय तिथेच मिटला. तेव्हापासून आठवड्यातून एक-दोनदा महिपत कोल्हा व्हायचा आणि लगेच महिपत होऊन त्या कोल्ह्याला हाकलायचा. एवढी मेहनत पार्किंगवर केली असती तर पार्किंग नावावर झालं असतं, असं मालन गोधडीतून म्हणायची. कोंबडी मात्र एकही गेली नाही. आसपासच्या वाड्यांमध्ये महिपतचं नाव झालं.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण शेठच्या सुनेने, संचिताने, वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. शनिवारी डोंबिवलीची माणसं यायला लागली. ती डासांवरून कुरकुरली, नेटवर्कवरून कुरकुरली, भाकरी जाड आहे म्हणाली. रात्री कोल्हा ओरडला आणि सगळे खूश. पुढच्या शनिवारचे पाहुणे गाडीतून उतरल्या उतरल्या कोल्हा किती वाजता असतो, ते विचारायला लागले. संचिताने ताबडतोब खुराड्याला जाळी मारून घेतली. कोंबड्या सुरक्षित झाल्या. आता कोल्हा हवा होता, आणि त्याला हाकलणारा माणूस नको होता. पत्र्याची खोली पाडून तिथे पाहुण्यांसाठी अजून एक खोली उठणार होती. डबा बंद करायला सांगून झाल्यावर, महिनाअखेर सामान हलव, असंही शेठ अगदी मायेने म्हणाले.

महिपतला रडू आलं. आपल्या पोटावर आपणच पाय दिला, आणि तोही इतक्या सुरात. रात्री त्याला जेवण गेलं नाही. मालनने ताट बाजूला सारलं.

“खोटं बोलून इतके दिवस राहिलो,” ती म्हणाली. “आता एकदा खरं बोलून बघा.”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेठ आणि संचिता अंगणात चहा पीत बसले होते. महिपत समोर जाऊन उभा राहिला. मालन त्याच्या मागे, तो पळून जाऊ नये म्हणून.

“शेठ, मी गेलो तर कोल्हा पण जाईल,” तो म्हणाला. “तो मीच आहे.”

शेठ हसले. संचिताही हसली. तेव्हा महिपतने दोन्ही हात तोंडाशी धरले, डोळे मिटले आणि कोल्हेकुई केली. डोक्यावरचं छप्पर त्या एका आवाजावर होतं, त्यामुळे ती आजवरची त्याची सगळ्यात सरस झाली. संचिताचा कप हातातच राहिला.

आणि नदीकडून उत्तर आलं.

आधी एक. मग त्याच्यात दुसरा मिसळला, मग तिसरा, मग किती ते कळेना. शेळ्या दाव्याला हिसके देऊ लागल्या. कोंबड्यांनी खुराडं डोक्यावर घेतलं. इतके दिवस महिपत अंधारात ज्यांना हाका मारत होता, ते कुठून तरी येऊन पोहोचले होते.

“नक्कल झकास करतोस रे,” शेठ समाधानाने म्हणाले. “पण खरा तो खरा. बघ, एक रात्र डबा वाजला नाही तर किती जवळ आले.”

आपण खरंच सांगतोय, असं महिपतला म्हणायचं होतं, पण त्याची बोबडी वळली होती. असला आवाज मोबाईलच्या बाहेर तो पहिल्यांदाच ऐकत होता. संचिता मात्र कप खाली ठेवून सासऱ्यांच्या कानाशी लागली. शेठनी मान डोलावली. महिपतने कुठे जायचं नाही, ते म्हणाले. खोली त्याचीच राहील. पगारही वाढेल. काम एवढंच, की दर शनिवारी रात्री एकट्याने खाली नदीवर जाऊन बसायचं, आणि कोल्हे पार जवळ येईपर्यंत त्यांना बोलवत राहायचं.

मालनने आनंदाने तोंडाला पदर लावला. कुंपणाच्या अगदी पलीकडे पुन्हा कुणीतरी ओरडलं. महिपतने तिचा हात घट्ट धरला.

“शेठ,” तो म्हणाला, “मग माझ्या राखणीला एक माणूस ठेवा.”