बँड थांबतो ते घर

"कोट पुन्हा ढिला झालाय," तोंडात टाचण्या धरून बायको म्हणाली. "हलू नका जरा."

रंगारी हलला नाही. उद्या चर्चची मिरवणूक. दर वर्षी त्याचा कोट तीच नीटनेटका करायची. स्वतः मरणाच्या दारात उभी आहे आणि हिला माझ्या कोटाची पडलीय, असं त्याच्या मनात आलं. रडू मात्र आलं नाही. पंधरा दिवस झाले, त्याला रडू नाही, राग नाही, भूकही नाही.

पंधरा दिवसांपूर्वी पिठाच्या डब्यामागे इस्पितळाच्या पत्राचं शेवटचं पान सापडलं होतं. 'आता इलाज नाही. फार तर हिवाळ्यापर्यंत.' खाली डॉक्टरची सही. आधीची पानं शोधायचा त्याला धीर झाला नाही. ती तीनदा एकटीच इस्पितळात जाऊन आली होती. विचारलं तर म्हणाली, "तुमच्या खोकल्याचं औषध आणायला." बिचारीला थाप मारायलाही कधी जमलं नाही. तिला लपवायचंय ना, मग लपवू दे, असं ठरवून तोही गप्प बसला.

पण गावात बातमी फुटली होती. मिरवणुकीचं निशाण चाळीस वर्षं त्याच्या खांद्यावर असायचं. यंदा पंचांनी ते दुसऱ्याला दिलं. "तू आपला खिडकीत बस, वहिनींसोबत," म्हणाले. तेव्हाच तो समजला.

जुन्या पेठेतून जाताना बँड कुठेच थांबत नाही. थांबतो फक्त पुढच्या वर्षी जो माणूस नसणार त्याच्या घराखाली, आणि एक अख्खं गीत वाजवतो. नावं बँडमास्तरच्या वहीत असतात.

रंगारी सात वर्षांचा होता तेव्हा बँड त्याच्या आईच्या खिडकीखाली थांबला होता. पांढरा सदरा घालून, निशाणाची रिबीन धरून तो पुढे उभा होता. सगळ्या पेठेने माना वर केल्या. आईने एकवार खाली पाहिलं आणि पडदा ओढला. मरेपर्यंत तो पडदा तिने उघडू दिला नाही. बायकोच्या वाट्याला ते यायला नको, एवढंच आता त्याला हवं होतं.

दुपारी तो घराबाहेर पडला. पेठेतल्या निम्म्या पाट्या त्यानेच रंगवलेल्या. चढावर दोनदा पायरीवर टेकावं लागलं. काळजीने माणूस असा पोखरला जातो, तो स्वतःशीच म्हणाला.

बँडमास्तर दारात बसून कर्णा पुसत होता. त्याला बघून चटकन उठला.

"अरे, तू चालत आलास?"

"मग काय उडत येऊ? ऐक. उद्या आमच्या घराखाली थांबू नका. वाजवत पुढे जा."

बँडमास्तरने मान खाली घातली. "नाही थांबणार. वहिनी परवाच सांगून गेल्या. या इथे बसून खूप रडल्या रे."

घरात तिने एक टिपूस गाळलं नव्हतं. रंगाऱ्याला पंधरा दिवसांत पहिल्यांदाच राग आला. इथे, परक्या दारात रडली. माझ्यासमोर का नाही?

"वहीतून खोडलंस ना? दाखव."

"खोडलंय म्हटलं ना."

"गाढवा, तुझा भरवसा नाही. मागे माझ्याच लग्नात चुकीची धून वाजवली होतीस. आण इकडे."

"राहू दे रे. घरी जा. मी सोडायला येतो."

बँडमास्तरने वहीवर पंजा ठेवला. रंगाऱ्याने तो बाजूला सारला.

पानावर चार नावं होती. बायकोचं त्यात नव्हतं. तिसऱ्या ओळीवर तांबडी रेघ ओढलेली होती, आणि रेघेखाली त्याचं स्वतःचं नाव होतं.