मागचा उतार

"हा फोटो हललाय, ताई," दिग्विजय साहेब म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला.

"हललेला मागच्या वेळचा," प्रिस्किला म्हणाली. "पुढचा बघा. नंबर वाचता येतो."

तालुक्याच्या त्या वन कार्यालयात ती तिसऱ्यांदा आली होती. नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून तिचं गाव. गावाने पंधरा वर्षं राखलेला साग कोणीतरी कापून नेत होतं. जंगलाचा हक्क ग्रामसभेच्या नावावर होता आणि वनहक्क समितीची सचिव प्रिस्किला होती.

मोबाइलमध्ये समोरच्या डोंगरातला ट्रॅक्टर मुंगीएवढा यायचा. म्हणून समितीने नंदुरबारच्या एका स्टुडिओतून हा जुना कॅमेरा घेतला. दिसायला एवढासा, खिशात मावणारा. पण त्याचं भिंगाचं नळकांडं पुढे सरकलं की नाल्यापलीकडच्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता यायची.

खोडीही तेवढ्याच होत्या. पहाटेच्या अंधुक उजेडात काढलेल्या पहिल्या फोटोवर नुसता रवा सांडल्यासारखा दिसत होता. साहेबांनी तो परत केला. दुसरा हातात धरून काढलेला. एवढ्या लांबचं ओढलं की श्वासानेही चित्र हलतं. तोही परत. मग तिने खडकावर तांदळाची पिशवी ठेवली, तिच्यावर कॅमेरा टेकवला आणि श्वास रोखून बटण दाबलं.

साहेबांनी डोळे बारीक केले. "नंबर आहे. पण झाड तोडताना कुठे दिसतंय?"

"ट्रॉलीत ओंडके आहेत, साहेब."

"ओंडके कुठले, हे फोटो सांगतो का?"

प्रिस्किलाची कानशिलं तापली. "मग आता आम्ही झाडांना बोलायला शिकवायचं का?"

पहिल्या तक्रारीत तिने स्वच्छ लिहिलं होतं की ट्रॅक्टर गुरुवारी येतो, सगळे बाजारात असताना. त्या गुरुवारी चौकशीची माणसं आली, त्यांना काही सापडलं नाही आणि तसा कागद करून ती निघून गेली. ट्रॅक्टर आला रविवारी, सगळे चर्चमध्ये असताना. अकरा साग गेले. त्यातले दोन तिच्या सासऱ्यांनी वणव्यातून वाचवलेले होते. त्या वणव्यात त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला होता.

"रागावू नका," साहेब एकदम मऊ आवाजात म्हणाले. त्यांनी शिपायाला हाक मारली. मोतीलालने चहा आणला. "ली ल्या ताई, थंडा व्हई जाई."

साहेबांनी कॅमेरा पुन्हा उचलला, उलटसुलट करून पाहिला. "भारीच आहे हो. सगळा डोंगर येतो यात?"

"सगळा नाही," प्रिस्किला म्हणाली. "मी खडकावरून काढते. तिथून पुढची बाजू दिसते. मागचा उतार नाही दिसत."

दाराशी तिचा नवरा जोएल उभा होता. आजची मजुरी बुडवून तो तिच्याबरोबर आला होता. तो मुद्दाम खोकला.

"आणि पहाटेचा तर रवाच येतो, नाही का?" साहेब हसले.

"म्हणून पहाटे आमची माणसंच नाल्यात बसतात. संध्याकाळीही असतात. दुपारी मात्र कोणी नसतं. उन्हात कॅमेऱ्याचा पडदा पांढराफटक होतो, काही दिसत नाही. काढून उपयोग काय?"

"प्रिस्किला, चल," जोएल म्हणाला.

"असू दे. साहेबांना सगळं माहीत असावं," ती म्हणाली आणि तिने चहा संपवला.

परतीच्या जीपमध्ये जोएलचा आवाज चढला. "तीन खेपा घातल्या, एका ओळीची पोच मिळाली नाही! आणि तू त्याला कॅमेरा कुठे पोचत नाही ते सांगत बसलीस?"

"त्यांनी विचारलं."

"विचारलं म्हणून घराची किल्लीही देशील!"

घरी आल्यावर तो तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी प्रिस्किला टोपली घेऊन बायकांबरोबर मोहफुलं वेचायला गेली. तिसऱ्या दिवशीही गेली, भाकरी बांधून. जोएलच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं सांगून आली आणि आता ही फुलं वेचतेय!

चौथ्या दिवशी काम लवकर सुटलं. भर दुपारी तो हद्दीवरून चालत येत होता. वारा पडला होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अचानक त्याच्या कानावर कटर मशीनचा आवाज आला.

मागच्या उतारावरून.

हातातला डबा त्याने तिथेच टाकला आणि तो चढ धावत सुटला. "सांगितलं होतं! सांगितलं होतं तुला!" तो एकटाच ओरडत होता. अर्ध्या चढावर आवाज बंद पडला. एक झाड गेलं, असं त्याला वाटलं.

वर पोचला तेव्हा त्याला आधी ट्रॅक्टर दिसला. मग बायका दिसल्या. हिरीबाई, एस्तेर, तापीबाई, गावातल्या तीस-पस्तीस जणी ट्रॉलीभोवती जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्या मागे पुरुष होते. कटर मशीन गवतात पडलं होतं. साग उभा होता, बुंध्यावर बोटभर खाच घेऊन.

ड्रायव्हर रडवेला झाला होता. "माले सांगेल व्हतं, आठे दुफारले कोनी ऱ्हात नई!"

"कोणी सांगितलं?" हिरीबाईने विचारलं.

एस्तेरने एका उंच दगडावर चढून, रेंज पकडून जिल्ह्याच्या वन कार्यालयात फोन लावला. चार वाजता जिल्ह्याहून एक अधिकारी बाई आल्या, दिग्विजय साहेबांच्या वरच्या. त्यांनी झाडावरची खाच पाहिली, नंबर लिहून घेतला, मग त्या प्रिस्किलाकडे वळल्या.

"एवढं मोठं जंगल. हे लोक नेमके इथेच येणार, तेही दुपारी, हे तुम्हाला कसं कळलं?"

प्रिस्किलाने पदराने घाम पुसला.

"मागच्या उतारावर दुपारी कोणी नसतं, हे खोटं मी एकाच माणसाशी बोलले होते, मॅडम."