एक जागा शिल्लक

विमान रद्द झाल्याची घोषणा झाली आणि बूचवाल्यांना सगळ्यात आधी काय वाटलं असेल, तर बरं वाटलं. लगेच त्यांनी स्वतःलाच दटावलं. पण वाटायचं ते वाटून गेलं होतं.

बाटल्यांना बुचं बसवायची यंत्रं विकायचे, म्हणून ऑफिसात त्यांना सगळे बूचवाले म्हणत. परदेशातला हा दौरा तसा पहिल्यापासूनच गंडलेला. बॅग भलत्याच गावाला गेली. हॉटेलवाल्यांनी किल्ली दिली ती दुसऱ्याच माणसाच्या खोलीची, आणि तो माणूस आत दाढी करत होता. नमुन्याचं यंत्र गिऱ्हाइकासमोर सुरू केलं, तर पहिलंच बूच उडून गिऱ्हाइकाच्या कपाळावर बसलं. भला माणूस, हसला आणि ऑर्डर देऊन मोकळा झाला.

घरी आई अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. रात्रीची पाळी नवरा-बायकोनं वाटून घेतली होती, एक रात्र त्यांची, एक रात्र तिची. हा आठवडा मात्र सगळ्या रात्री तिच्याच वाट्याला आल्या होत्या. "आज तुम्ही येताय ना, मग मी आज कुंभकर्ण. घर पेटलं तरी उठवायचं नाही मला," सकाळीच ती फोनवर म्हणाली होती.

काउंटरवरच्या मुलीनं बूचवाल्यांचा पासपोर्ट उघडला. "थोड्या वेळानं दुसरं विमान आहे. त्यात एकच जागा शिल्लक आहे. रांगेत तुम्ही पहिले, म्हणजे ती तुमची."

"आणि बाकीच्यांचं काय?"

"बाकीचे उद्या. आजची सोय हॉटेलात."

हॉटेल म्हटल्यावर बूचवाल्यांच्या डोळ्यांपुढे एक बंद दार आलं आणि पांढरी चादर. कुणी हाक मारणार नाही अशी खोली.

मागे उभा असलेला व्यापारी आपल्याकडचाच होता आणि मघापासून कुरकुरत होता. "काय तरी कारभार यांचा! उद्या माझ्या दुकानात फरश्या उतरायच्यात. मी नसलो की निम्म्या फोडून ठेवतील."

"तुम्ही जा," बूचवाले म्हणाले.

व्यापारी चाटच पडला. "अहो, पण तुमचं काय?"

"माझं तसं काही नाही."

हे शब्द तोंडातून कसे घसरले, देव जाणे. व्यापाऱ्यानं त्यांचे दोन्ही हात धरले, देवमाणूस म्हणाला, दुकानाचा पत्ता घ्या, फरशी लागली तर सांगा म्हणाला आणि धावत सुटला. काउंटरवरची मुलगी इतकं गोड हसली, की बूचवाल्यांना तिच्याकडे बघवेना.

त्यांनी घरी फोन लावला. "अगं, विमान रद्द झालं."

बायकोनं विचारलं, "सगळ्यांचंच?"

"एक जागा होती. पण मागे एक म्हातारे गृहस्थ होते. बायको दवाखान्यात. मला राहवेना."

फरश्यांची बायको कधी झाली आणि ती आजारी कशी पडली, हे बूचवाल्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"मग बरंच केलंत," बायको म्हणाली. "एका रात्रीचा तर प्रश्न. जेवून घ्या तुम्ही." ती चिडली असती, चार शब्द ऐकवले असते, तर त्यांना जेवण तरी गेलं असतं.

हॉटेलात आल्यावर त्यांनी ठरवलं, तिकडे ती उठणार, तर इकडे आपणही उठायचं. दर दोन तासांचे गजर लावले, मोबाइल उशाशी ठेवला आणि जरा पाठ टेकली.

एकही गजर ऐकू आला नाही. तोंडावर ऊन आलं तेव्हा जाग आली. अंग पिसासारखं हलकं झालं होतं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली. तोंडही न धुता त्यांनी फोन लावला.

"आई जाग्याच आहेत. बोला त्यांच्याशी," म्हणून बायकोनं फोन स्पीकरवर टाकला. तिचा आवाज बसला होता.

"कशी आहेस आई?"

"मला काय धाड भरलीय! तू कुणा म्हाताऱ्याला जागा दिलीस म्हणे?"

"हो."

"पोचला का तो?"

"पोचला असेल."

आई म्हणाली, "झोप झाली का रे तुझी?"

"हो," बूचवाले बोलून गेले.

"वाटलंच मला. किती दिवसांनी आवाज मोकळा लागतोय तुझा."

बूचवाल्यांना वाटलं, आता सांगून टाकावं. म्हातारा नव्हता, दवाखाना नव्हता, कुणाची बायको आजारी नव्हती. मला यायचंच नव्हतं. "आई, तो म्हातारा ना..."

"राहू दे रे," आई म्हणाली. मग तिचा आवाज फोनपासून जरा लांब गेला. सुनेकडे वळली असावी. "तो आला ना गं, की तूही एकदा असंच विमान चुकव."

बूचवाले कान देऊन राहिले. पण बायको हसल्याचा आवाज काही आला नाही.