दरीची बाजू

माचू पिच्चूच्या वाटेवर नीकानोरने आजवर शेकडो पाहुणे नेले होते, आणि प्रत्येकाला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "मागून हमाल पळत आले की डोंगराला चिकटून उभं राहायचं. दरीची बाजू त्यांची." कुणी कळवळून विचारलंच, "अहो, पण ते पडले तर?" तर तो हसून म्हणायचा, "त्यांना सवय असते."

आज धुकं इतकं दाट होतं की पुढची पायरी दिसत नव्हती. खिंडीखालच्या अरुंद वळणावर ओल्या दगडांवरून धपधप पावलं येऊ लागली. "वाट द्या, वाट!" कुणीतरी खरखरीत आवाजात ओरडलं. पाहुणे शिकवल्याप्रमाणे डोंगराला चिकटले.

तो आवाज ऐकला आणि नीकानोरने थकवा घालवायला गालात धरलेली कोकाची पानं एकदम कडू झाली. तो झटकन दरीच्या कडेला गेला आणि टाचा रोवून उभा राहिला. त्याच्या बुटाखालून एक दगड सुटला. तो खाली पडल्याचा आवाज काही आलाच नाही.

तंबूंचं गाठोडं पाठीवर घेतलेला हमाल त्याच्या आणि पाहुण्यांच्या मधून, आतल्या बाजूने गेला. जाता जाता खेकसला, "आत हो गाढवा! मरायचंय का?"

"तुम्ही कशाला कडेला गेलात?" लाल टोपीवाल्या एका पाहुण्या बाईंनी विचारलं. "त्यांना सवय असते ना?"

नीकानोर धुक्यात दिसेनाशा होणाऱ्या गाठोड्याकडे बघत राहिला.

"असते, बाई. पण तो माझा बाप होता."