गुंगीचा चहा

"आज पण तो गुंगीचा चहा मीच प्यायचा का?" दारात बुटांच्या नाड्या सोडता सोडता धाकटा भाऊ कुरकुरला.

"हळू बोल, मेल्या," बहीण म्हणाली. "आत ऐकू जाईल."

"मागच्या रविवारी मीच. त्याच्या आदल्या रविवारी मीच. एकदा चष्मेवाल्यांना पाज की!"

"चष्मेवाले घंटा वाजवतात. डॉक्टरीणबाई बर्फात घसरतात. तू चहा पितोस. ठरलंय ना? मग पी मुकाट्याने."

हा चहा कपातला नव्हता, खेळातला होता. खेळ जुन्या जपानातल्या सामुराईंचा, टेबलाभोवती बसून बोलत बोलत खेळायचा. बहिणीच्या नवऱ्याने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी, म्हणजे धाकटा, चष्मेवाले आणि दातांच्या डॉक्टरीणबाई यांनी, एकेक सामुराई होऊन काय करायचं ते ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी सांगायचं. म्हणून नवऱ्याला सगळे मास्टर म्हणत. बाजारात अशा खेळाच्या तयार गोष्टी, म्हणजे मोहिमा, मिळतात, पण मास्टरांनी त्यांना कधी हात लावला नाही. कचेरीत जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींचे नकाशे काढले, घरी स्वतःच्या मनातले काढले. सव्वीस वर्षं दर रविवारी नवी, घरची मोहीम. काडेपेट्यांचे किल्ले तिने चिकटवले. कागदाचे कंदीलही तिनेच केले. खेळ मात्र तिला कधी धड कळला नाही.

मग वसंत ऋतू सरला आणि मास्टरांनी एके रविवारी आदल्याच रविवारची मोहीम पुन्हा काढली. बर्फातली खिंड, खिंडीत सराई, सराईची मालकीण म्हणजे बाईच्या रूपातली कोल्हीण, तिचा गुंगीचा चहा आणि मागच्या अंगणातली घंटा. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चष्मेवाले तेवढे म्हणाले, "अरे वा, सराई! छान." त्या दिवशी जाताना तिने सगळ्यांना जिन्यात गाठलं. "त्यांना विसरायला होतंय," ती म्हणाली. "कुणी बोलू नका. माझी शपथ आहे." पुढच्या रविवारी पुन्हा खिंड, पुन्हा सराई.

स्मरणशक्ती तपासायला डॉक्टरांनी मास्टरांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. त्यांनी ते असं रेखीव काढलं की डॉक्टरच बघत राहिले. एवढ्यात काही सांगता येणार नाही, म्हणाले. तिने आपल्या मनाने स्मरणशक्तीचं कडू औषध आणलं. साध्या खोकल्याच्या औषधाला तोंड वाकडं करणारा माणूस ते रोज सकाळी एका घोटात पिऊन टाकी. तिला आणखीच धसका बसला.

शनिवारी दिवसभर ते दार लावून बसत. संध्याकाळी ती टोपली रिकामी करी. चुरगळलेले कागद, प्रत्येकावर एक नाव, खाली दोन ओळी, त्यावर काट. 'नदीकाठचा मुखवटे करणारा.' काट. 'तलवार विसरलेला सामुराई.' काट. बिचाऱ्याला काय लिहायला बसलो तेच आठवत नसेल, असं म्हणून ती डोळे पुशी.

बाकी एक मात्र खरं. पूर्वी रविवार आला की कुणाच्या घरी पाहुणे, कुणाची पाठ धरलेली. गेल्या वर्षी तर चष्मेवाले जांभई देत म्हणाले होते, "मास्टर, हल्ली तुमच्या मोहिमांत दम नाही राहिला." थट्टेतच म्हणाले होते. पण आजाराचं कळल्यापासून एकही जण चुकला नाही. वेळेच्या आधी येत, बिस्किटं आणत, आणि बर्फात अशा काही घसरत की खऱ्या नटांनी शिकावं.

आजही सगळे बसले. तिने खरा चहा आणून ठेवला. "बाईंच्या कपात साखर घातलीस का गं? त्या घेत नाहीत," मास्टर न बघताच म्हणाले. मग समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि आवाज खाली आणला. "बर्फ पडतंय. खिंडीत एकच दिवा दिसतोय. ती सराई आहे. दार कोण ठोठावतं?"

धाकट्याचं लक्ष खिडकीबाहेर होतं.

"नको," तो म्हणाला. "मला चहा नको."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

"अजून दार उघडलेलं नाही," मास्टर म्हणाले.

"अहो, तो या चहाचं म्हणतोय!" ती घाईघाईने कप उचलायला गेली. तिचा धक्का लागून आडोसा पडला. त्यामागे मोहिमेचा कागद असायला हवा होता. तो होता. कोरा.

"ताई, पुरे आता," धाकटा म्हणाला. "भाऊजी, ही मोहीम आपण नवव्यांदा खेळतोय."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पाठचा भाऊ नसता तर जिवंत सुटला नसता.

मास्टरांनी फासे गोळा केले. एकेक करून डबीत ठेवले.

"दहाव्यांदा," ते म्हणाले. "पहिल्या वेळी तू नव्हतास. आदल्या दिवशी बाईंनी तुझी दाढ काढली होती. खालची, डावीकडची."

बायको कप हातात धरून तशीच उभी होती. त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"मी काहीच विसरलेलो नाही. मला आता नवं काही सुचत नाही. विसरतोय म्हटल्यावर तुम्ही एकही रविवार चुकवला नाहीत. सुचत नाही म्हटलं असतं, तर दहावा रविवार सोडा, तिसऱ्यालाही कोण आलं असतं?"