न उच्चारायचं अक्षर

"डेल्टा म्हणजे फरक गं अम्मी, बदल!" शिफा वहीतून मान वर न काढता ओरडली, आणि सबिहानं हातातला पाना टाकून लेकीच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू की गं! आजोबा अजून घरातच आहेत."

आत तिचे सासरे, मेहताबचाचा, टोपी शोधत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

मेलं एका अक्षराला कामं तरी किती! शिफाच्या गणितात ते, भूगोलात नदीच्या मुखाशी ते, क्लासच्या बॅचलाही तेच नाव. आणि दुकानाचं तर विचारूच नका. जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचा धंदा; स्टार-डेल्टा स्टार्टर रोजच्या हाताखालचा. पण सबिहानं स्टार्टरच्या खोक्यांवरच्या त्या नावावर कागद चिकटवले होते. तारांच्या त्या त्रिकोणी जोडणीला ती 'तिकोनी' म्हणायची, आणि तिच्यापायी अर्धं मिरजगाव तसंच म्हणायला लागलं होतं.

तिचा नवरा परवेझ विजापूरकडं कामाला गेला होता. एकवीस सालच्या मे महिन्यात तो कोरोनानं तिकडंच गेला, आणि त्या लाटेचं नावही तेच, डेल्टा. मातीला चाचा एकटेच गेले होते. त्या दिवसांत बाईमाणसाला कोण जाऊ देतंय! आठ दिवसांनी ते पोराचं घड्याळ तेवढं घेऊन परतले. पुढं एकदा टीव्हीवर ते नाव आलं, तर म्हातारा भरल्या ताटावरून उठला आणि दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून सबिहानं घरादाराच्या तोंडाला कुलूपच घातलं.

मोटार भरायला तिला चाचांनीच शिकवलं. काम पुरं झालं की परवेझ झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळ्या रंगानं एक त्रिकोण काढायचा, डाव्या कोपऱ्याला शेपूट, पोटात तारीख. सबिहानं ती खूण कधी काढली नाही. रडूच आलं असतं तिला.

"खोलायचं मी, भरायचं तू," हा चाचांचा नियम. जड काम सुनेला नको म्हणून स्वतः खोलायचे, झाकणं आतून थिनरच्या बोळ्यानं लख्ख पुसायचे, आणि मगच मोटार तिच्या हाती द्यायचे. असा सासरा शोधून सापडायचा नाही.

पण एका गोष्टीत त्यांचं काय बिनसत होतं, देव जाणे. बेलापूरच्या अलीमचं स्थळ तिला दोनदा आलं. दोन्ही वेळा चाचांनी "अजून नको" म्हणून माघारी पाठवलं. हातची कारागीर सोडवत नाही म्हाताऱ्याला, असं लोक तोंडावर बोलायचे. सबिहाला अलीम आवडला होता, खोटं कशाला बोला! पण चाचांच्या शब्दाबाहेर ती जाणार नव्हती. आज जुम्म्याच्या नमाजनंतर ते शेवटचं काय ते सांगणार होते. सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

चाचा मशिदीत गेले, आणि नेहमीचं गिऱ्हाईक भीमा टेम्पोतून मोटार घेऊन दारात उभा राहिला.

"भाबी, लई नड हाय. कांदा सुकाय लागलाय, अन् ही बया आज बसली."

"अब्बा आले की खोलतील."

"आवं, तवर तुमी खोला की! लाईट चारपत्तुरच हाय." त्यानं मोटार उतरवली. "मेव्हना ऊसतोडीची टोळी घिऊन विजापूरकडं जातो, तिकडनं सस्त्यात जुनी आनतो. आदीच्या चार चाचांनीच खोलल्या. लई झ्याक भरलेल्या असत्यात."

भीमा समोरच्या टपरीवर चहाला गेला. सबिहानं घड्याळ पाहिलं, पदर खोचला, बोल्ट काढले आणि झाकण उलटं केलं.

पिवळा त्रिकोण. डाव्या कोपऱ्याला शेपूट. पोटात तारीख: १२-१०-२४.

तिनं अंगठ्यानं घासून पाहिलं. रंग निघाला नाही. पुन्हा घासलं. तारीख तीच होती.

दारात चपला वाजल्या. चाचांनी झाकणाकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि टोपी काढून ते उंबऱ्यावरच बसले.

"आधीच्या चारी खुणा मी पुसल्या, बेटी," ते म्हणाले.